काडतुसावरचे दोन उथळ खड्डे

१

वस्तुसंग्रहालयाचा जमादार मेला तेव्हा भरलेलं पिस्तूल त्याच्या हातात होतं, आणि त्यातून एकही गोळी सुटली नव्हती. सकाळी पावणेसातला मागच्या दारानं दोन चोर आत शिरले. जमादारानं पिस्तूल काढलं, रोखलं, चाप ओढला. खट. पुन्हा ओढला. पुन्हा खट. तिसरी संधी चोरांनी दिली नाही, लोखंडी कांब सरळ डोक्यात घातली. दुपारपर्यंत चोर सापडले, चोरलेली जुनी नाणीही सापडली, पण त्या दोन 'खट'चं उत्तर काही कुणाला सापडलं नाही.

ते शोधायचं काम तीन दिवसांनी शस्त्र-तपासणीच्या खोलीत, भिंगबाईंच्या टेबलावर येऊन पडलं. खात्यात त्यांना सगळे भिंगबाईच म्हणत. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, बोलणं तुटक, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला नेईपर्यंत ना स्वतः स्वस्थ बसणार ना दुसऱ्याला बसू देणार. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप, असं लोक म्हणत. काम अडलं की मात्र त्यांच्याचकडे येत.

इन्स्पेक्टर टेबलापाशी उभे होते आणि त्यांचं उत्तर आधीच तयार होतं. पिस्तुलाच्या घोड्यामागे असते ती स्प्रिंग भलतीच नरम निघाली होती. चापाला वजनं लटकवून पाहिलं तर पाच किलोला हलायला हवा तो चाप तीनच्या आत हलत होता. आता ही यंत्रणा साधी आहे. चाप ओढला की घोडा मागे जातो आणि सुटून पिनेवर आपटतो, पिन काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या इवल्याशा टोपीवर आपटते, टोपी फुटते आणि गोळी सुटते. सगळा जोर असतो तो स्प्रिंगचा. स्प्रिंग नरम घातली की चाप हलका होतो आणि बोटाला बरं वाटतं, पण मग घोडाही हलकाच आपटतो. भिंगाखाली त्या काडतुसाची टोपी स्पष्ट दिसत होती. एकाला एक चिकटून दोन खड्डे, दोन्ही उथळ. टोपी दबली होती, फुटली नव्हती.

इन्स्पेक्टर म्हणाले की हे पिस्तूल वार्षिक साफसफाईसाठी एका बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे गेलं होतं, दहा दिवसांपूर्वी परत आलं, त्यानंतर ते कुणी उघडलेलं नाही. म्हणजे त्या म्हाताऱ्यानं चोरांशी हातमिळवणी करून पहारेकऱ्याचं हत्यार मुद्दाम निकामी केलं. खुनाच्या कटात सामील म्हणून चार वाजता त्याला उचलणार होते. संग्रहालयाच्या सुपरवायझरनं तसा लेखी जबाबही दिला होता.

भिंगबाईंनी दुरुस्तीवाल्याचा पत्ता वाचला आणि कागद खाली ठेवला. त्या दुकानातल्या बाकावर बसून त्या सात वर्षं काम शिकल्या होत्या.

"ते माझे उस्ताद आहेत," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे. म्हणूनच दुसऱ्या कुणाला देणार होतो. पण पिस्तूल उघडून त्याची जन्मकथा सांगणारं दुसरं आहे कोण?"

घड्याळात दहाला पाच कमी होते. भिंगबाईंनी पिस्तूल आणि ते काडतूस डब्यात घातलं, डब्याला सील लावलं आणि जे निघेल तेच लिहीन, मग ते उस्तादांच्या विरुद्ध का असेना, एवढं इन्स्पेक्टरांना बजावून सांगितलं. चार वाजेपर्यंतचा वेळ मात्र त्यांनी मागून नव्हे, जवळजवळ हिसकावूनच घेतला.

२

उस्तादांचं दुकान लेथ मशिनांच्या गल्लीत, चार पायऱ्या उतरून खाली होतं. सत्तरी उलटली तरी म्हातारा ताठ होता. खिडकीपाशी वस्तू आवळून धरायचा शेगडा, त्यात आवळलेला एका शिकारी बंदुकीचा खटका, आणि हातात कानस. शिष्येची चाहूल लागली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"आलीस? बस."

भिंगबाई बसल्या नाहीत. चार वाजता तुम्हाला उचलणार आहेत आणि निघेल तेच लिहीन असं मी साहेबांना सांगून आले आहे, हे त्यांनी सांगितलं आणि थेट विचारलं की त्या पिस्तुलाचं काय काय केलंत. उस्तादांनी मोजक्या शब्दांत सांगितलं: उघडलं, साफ केलं, तेल दिलं, वाळूच्या पेटीत दोन गोळ्या झाडून पाहिल्या, परत दिलं. त्या दोन गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या कामाच्या चिठ्ठीला दोऱ्यानं बांधून खुंटीवर टांगल्या होत्या. ही उस्तादांची जुनी शिस्त होती. दुरुस्त केलेलं प्रत्येक हत्यार झाडून पाहायचं आणि पुंगळ्या वर्षभर जपून ठेवायच्या.

भिंगबाईंनी त्या खाली काढून भिंग लावलं. खड्डे खोल, टोप्या खणखणीत फुटलेल्या. आणि प्रत्येक खड्ड्याच्या कडेला केसाएवढी एक कोर. पिनेच्या टोकाचा बारीकसा टवका उडालेला असावा, त्याची ती खूण. त्यांनी डब्याचं सील फोडून जमादाराचं काडतूस पाहिलं. तीच कोर, त्याच बाजूला. म्हणजे पिस्तूल तेच, आणि इथून बाहेर पडलं तेव्हा त्याच्या घोड्यात पुरता जोर होता.

डब्याला नवं सील लावताना त्यांच्या जिवात जीव आला. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. झाडून पाहिल्यावर म्हाताऱ्यानं स्प्रिंग पुन्हा बदलली नसेल कशावरून, असं इन्स्पेक्टर म्हणालेच असते.

"काही बदललंत का आतलं?"

उस्तादांनी कानस उचलली आणि खिडकीच्या उजेडात तिचे दाते बघत बसले. "नाही."

भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर खिळ्यांना टांगलेल्या नव्या स्प्रिंगा होत्या. एका जातीच्या पिस्तुलाचा एक खिळा, आणि खिळ्यावर दहा. संग्रहालयाच्या सहा पिस्तुलांच्या जातीचा खिळा भिंगबाईंना पाठ होता. त्यांनी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. नऊ होत्या.

सात वर्षांत या माणसानं त्यांच्या चुका काढल्या होत्या, त्यांना रडवलं होतं, पण खोटं कधी बोलला नव्हता. आज बोलला, तेही चार वाजता बेड्या पडणार हे माहीत असताना. भिंगबाईंना रागही आला आणि भीतीही वाटली. पायऱ्या चढताना त्यांनी ठरवलं की उस्तादांनी तोंडात मिठाची गुळणी धरली असेल तर खुशाल धरावी, आपण बाकीच्यांना बोलतं करायचं.

३

गोळीबाराचं मैदान गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी होतं. तिथले मास्तर दरवर्षी सगळ्या सरकारी पहारेकऱ्यांची नेमबाजीची परीक्षा घेत. जो नापास झाला त्याला पिस्तूल मिळत नाही आणि ज्याला पिस्तूल नाही त्याला पहाऱ्यावर ठेवत नाहीत. तीस गोळ्या, पाच-पाचच्या सहा फेऱ्या. इथला नियम कडक होता. पाच काडतुसं द्यायची आणि फेरी संपली की पाच पुंगळ्या मोजून लाकडी तबकाच्या भोकांत उभ्या करायच्या, म्हणजे कुणी एखादं काडतूस खिशात घालून नेऊ नये. वर्षभर ती तबकं नंबर घालून कपाटात राहत. मास्तरांना या नियमाचा इतका अभिमान की जमादाराचं तबक मागितल्यावर त्यांनी आधी पाच मिनिटं नियमच समजावून सांगितला. भिंगबाईंनी ओठ दाबून ऐकून घेतलं.

परीक्षा महिन्यापूर्वीची होती. तबकात तीस पुंगळ्या होत्या. भिंगबाई एकेक उचलत गेल्या. तीच कोर, आणि तीसच्या तीस खड्डे उथळ.

म्हणजे पिस्तूल उस्तादांच्या दुकानात जायच्या आधीच नरम स्प्रिंग आत होती.

भिंगबाईंनी मास्तरांना जमादाराच्या नेमाबद्दल विचारलं. मास्तर खुलले. म्हणाले, गेल्या वर्षी गडी अगदी काठावर पास झाला, बोट थरथरत होतं, शेवटच्या फेरीत वेळ संपत आली तरी चाप ओढला जाईना. या वर्षी मात्र पठ्ठ्यानं कमाल केली, पहिला नंबर. आपण स्वतः पाठ थोपटली.

"आणि पिस्तूल बदललंय असं नाही वाटलं तुम्हाला?"

मास्तरांनी तो प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवलं. पण भिंगबाईंच्या डोक्यात आता वेगळाच किडा वळवळत होता. परीक्षेत हीच स्प्रिंग होती आणि तीसपैकी तीस गोळ्या सुटल्या. मग जमादाराच्या वेळी का नाही सुटली? पहाऱ्यावर कुठली काडतुसं देतात, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी सांगितलं की ती निराळी, पक्क्या बांधणीची. ती महाग, म्हणून परीक्षेत वापरत नाहीत. पहारेकरी वर्षानुवर्षं तीच सहा काडतुसं एकमेकांच्या हातात मोजून देतात, कुणी ती कधी झाडून बघत नाही.

भिंगबाईंनी पहाऱ्याची पाच काडतुसं मागवली आणि सरावाची पाच. डब्याचं सील मास्तरांसमोर फोडलं आणि स्वतः पिस्तूल धरलं. सरावाची पाचही सुटली. मग पहाऱ्याची भरली, आणि न सुटलेलं प्रत्येक काडतूस हातानं बाहेर काढून पुढचं घेतलं. खट. खट. तिसरी सुटली. खट. खट.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. पक्क्या काडतुसाची टोपी जाड असते, धक्क्यानं उगाच फुटू नये म्हणून, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण परीक्षा घ्यायची सरावाच्या काडतुसांवर आणि माणसाला उभं करायचं पक्क्या काडतुसांवर, यात काही पाणी मुरतंय असं इतक्या वर्षांत त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ते बाकावर बसून राहिले आणि म्हणाले की बाई, हे माझं नाव घालून लिहा.

भिंगबाई जीपमध्ये बसल्या तेव्हा सव्वा वाजला होता. महिन्यापूर्वी स्प्रिंग नरम. दहा दिवसांपूर्वी उस्तादांच्या हातून निघताना जोरकस. तीन दिवसांपूर्वी पुन्हा नरम. म्हणजे कुणीतरी ती एकदा नव्हे, दोनदा घातली होती, आणि त्यातली दुसरी खेप उस्तादांच्या दुकानानंतरची होती.

४

जमादाराच्या घरी दोन खोल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावर, लख्ख झाडलेल्या. त्याची बायको दार उघडून बाजूला झाली. तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज बसला होता. आत मोरीपाशी एक माणूस बाह्या वर सारून, हातात पाना घेऊन गळणारा नळ दुरुस्त करत होता. तिनं नाव सांगून ओळख करून दिली: हा माझा थोरला भाऊ. भिंगबाईंनी त्याला ओळखलं नाही, पण नाव कानावर होतं. संग्रहालयाचा सुपरवायझर तो हाच. शस्त्रांच्या कपाटाची किल्ली याच्याकडे, आणि उस्तादांविरुद्ध जबाब देणाराही हाच.

खुंटीवर जमादाराचा गणवेश होता. भिंगबाईंनी सदरा हातात घेऊन पाहिला आणि थबकल्या. बटणं नुसती वरून शिवलेली होती, काजांत न जाणारी, शोभेची. आतून दाबायच्या टिचबटणांची पट्टी लावली होती.

जमादाराच्या बायकोला विचारल्यावर तिनं लपवलं नाही. दोन वर्षांपासून त्यांची बोटं आखडली होती. बटण लागायचं नाही, पाण्याचा पेला दोन तळव्यांत धरून प्यायचे. कामावर कळलं तर घरी बसवतील म्हणून तिनं सदरे असे करून दिले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते म्हणायचे, तीस वर्षं उभ्यानं काढली, शेवटी बसून नाही जायचं.

भिंगबाईंनी मनातल्या मनात एक नाव खोडलं. ज्याला बटण लावता येत नाही त्याला पिस्तूल उघडून ती ताठ स्प्रिंग दाबून बसवणं शक्यच नाही. हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी, धडधाकट आणि हत्यारांची सवय असलेल्या हातांचं होतं.

मग त्यांनी विचारलं की गेल्या पंधरा दिवसांत जमादार कसे होते.

"परीक्षेनंतर खुशीत होते," ती म्हणाली. "पिस्तूल साफ होऊन आलं त्या दिवसापासून मात्र एकदम गप्प. चार-पाच दिवस धड जेवले नाहीत. मग एका संध्याकाळी हसतच घरी आले. म्हणाले, आता निवृत्तीपर्यंत घोर नाही. आणि त्यानंतर दोन दिवसांनी…"

मोरीतला पान्याचा आवाज केव्हाच थांबला होता. भिंगबाईंनी वळून पाहिलं. सुपरवायझर नळाकडे तोंड करून तसाच बसला होता, आणि त्याची मान लाल झाली होती.

त्या बहिणीसमोर काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मला संग्रहालयाची शस्त्रखोली बघायची आहे, तुम्ही चला बरोबर.

५

शस्त्रखोली म्हणजे जिन्याखालची बिनखिडकीची कोठडी. एक लोखंडी कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. अडीच वाजले होते. भिंगबाईंनी साफसफाईहून परत आलेल्या पिस्तुलाची पावती मागितली. सुपरवायझरनं ती काढून दिली.

पावतीवर उस्तादांचं वळणदार अक्षर होतं: पिस्तूल एक, पाकीट एक. खाली सुपरवायझरची सही.

भिंगबाईंनी पावती टेबलावर त्याच्या बाजूनं फिरवून ठेवली. त्या घाईनं बोलल्या नाहीत.

"त्या दुकानात मी सात वर्षं होते. तिथला एक रिवाज आहे. हत्यारातला जुना भाग काढून नवा घातला की जुना फेकायचा नाही, पाकिटात घालून मालकाला परत द्यायचा. काही बदललं नसेल तर पाकीट नसतं. इथं पाकीट आहे. त्यांच्या भिंतीवर एक स्प्रिंग कमी आहे. म्हणजे त्यांनी तुमची नरम स्प्रिंग काढली, नवी जोरकस घातली, आणि नरम स्प्रिंग पाकिटातून तुमच्या हातात दिली. तुमच्या सहीनं."

सुपरवायझरनं पावती पालथी केली.

"पिस्तूल पहाऱ्यावर नसतं तेव्हा या कपाटात असतं आणि किल्ली तुमच्या कमरेला. जमादारांना स्वतःला ते जमणारं नव्हतं. तुम्ही मात्र बहिणीच्या घरचा नळही स्वतः दुरुस्त करता. आणि नरम स्प्रिंग पुन्हा आत गेली तर ती जोरकस, कोरी स्प्रिंग गेली कुठे? हत्यारांची माणसं नवा भाग टाकून देत नाहीत. तुमचं टेबल मी उघडू, की तुम्ही उघडता?"

सुपरवायझरनं खण ओढला, अगदी मागून एक घडी पडलेलं पाकीट काढलं आणि पावतीशेजारी ठेवलं. पाकिटावर उस्तादांच्या हातानं पिस्तुलाचा नंबर लिहिला होता. आत नवी स्प्रिंग होती.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे लोक चाप हलका करायला अशा स्प्रिंगा वापरतात, तिथून त्यानं एक मिळवली होती. बहीण रोज नवऱ्याचा सदरा चढवून देते हे त्यानं पाहिलं होतं. परीक्षेत मेहुणा नापास झाला तर तो खचेल, असं त्याला वाटलं. मूळची स्प्रिंग काढताना वाकली म्हणून टाकून दिली, नाहीतर साफसफाईला पाठवताना तीच परत घातली असती. तीसपैकी तीस गोळ्या सुटल्या तेव्हा तो मैदानावर हजर होता. तेव्हा त्याला वाटलं की झालं, काम पक्कं झालं.

"उस्तादांनी स्प्रिंग बदलली, तर ती तशीच का नाही ठेवलीत?"

"ठेवली होती हो. पाच दिवस ठेवली." त्यानं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "मेहुणे इथं, या खुर्चीत बसून रडले. म्हणाले, मला हा चाप ओढताच येत नाही. कमरेला दगड बांधून उभा राहतोय मी, उद्या कुणी आलं तर काय करू? मला वाटलं, न ओढता येणाऱ्या पिस्तुलापेक्षा ओढता येणारं बरं. पहाऱ्याची काडतुसं वेगळी असतात हे माहीत होतं. त्यांच्या टोप्या जाड असतात हे नव्हतं माहीत. देवाशपथ नव्हतं."

भिंगबाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. दया पण आली. पण टेबलावर त्यानं दिलेल्या जबाबाची प्रत होती, आणि त्या जबाबात एका सत्तरीच्या माणसाला खुनी ठरवलेलं होतं. ते मात्र त्यानं जाणूनबुजून केलं होतं. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

सुपरवायझरनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बहिणीकडे बघून असं करावं लागलं, असं काहीतरी तो पुटपुटला. बहिणीला काय सांगणार होतो, की तुझा नवरा माझ्यामुळे गेला? कोण सांगेल तिला हे?

"तुम्हीच," भिंगबाई म्हणाल्या. "पोलिसांच्या तोंडून तिनं ऐकायच्या आधी. आत्ता."

६

साडेतीनला इन्स्पेक्टरांचा फोन आला तेव्हा भिंगबाई उस्तादांच्या दुकानात पोचल्या होत्या. सुपरवायझर ठाण्यावर येऊन खरा जबाब देत होता. त्याची बहीण बरोबर आली होती. वाटभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि ठाण्यावरही बोलत नव्हती, पण त्याच्या शेजारच्या बाकावरून उठतही नव्हती. म्हाताऱ्याला उचलायचा हुकूम रद्द झाला आहे, तेवढा अहवाल सहाच्या आत द्या, असं म्हणून इन्स्पेक्टरांनी फोन ठेवला.

भिंगबाईंनी उस्तादांना सगळं सांगितलं. ते कानस खाली ठेवून ऐकत होते. सुटकेचा आनंद वगैरे काही चेहऱ्यावर दिसला नाही.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. पिस्तूल उघडल्याबरोबर नरम स्प्रिंग हाताला लागली होती. दुसऱ्याच दिवशी जमादार स्वतः पायऱ्या उतरून आला. कुणी पाठवलं नव्हतं. त्यानं काही मागितलं नाही, नुसता हात पुढे करून दाखवला. उस्तादांनी ती बोटं पाहिली. नरम स्प्रिंग आत ठेवायला त्यांचा हात धजला नाही, म्हणून त्यांनी चांगली घातली. आणि त्याची बोटं पाहिली होती म्हणून वर कळवलं नाही. सकाळी भिंगबाईंना खोटं सांगितलं तेही त्याच्यासाठी. मेलेल्या माणसाला लबाड कशाला ठरवायचं, असं त्यांना वाटलं होतं.

भिंगबाईंना नियम ठाऊक होता. हत्यारात कुणी फेरफार केलेला दिसला तर दुरुस्तीवाल्यानं त्याच दिवशी कळवायचं असतं. परवान्याची ती पहिलीच अट आहे. कळवलं असतं तर जमादाराला पहाऱ्यावरून उतरवलं असतं. तो चिडला असता, खचला असता, घरी बसला असता. आज जिवंत असता.

ही गोष्ट आता या खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होती. सुपरवायझरला पाकीट मिळालं होतं, पण उस्तादांनी आत काय ओळखलं आणि काय नाही, हे कुणी विचारणार नव्हतं. जुनी झाली म्हणून बदलली, असं एक वाक्य लिहिलं की परवाना शाबूत, दुकान शाबूत, पन्नास वर्षांचं नाव शाबूत. सकाळपासून त्या धावत होत्या त्या याच नावासाठी.

त्यांनी खिडकीपाशी बसून अहवाल लिहायला घेतला. परीक्षेच्या तबकातल्या तीस पुंगळ्या, मैदानावरचा प्रयोग, पावती, पाकीट, सुपरवायझरचा कबुलीजबाब, मास्तरांची चूक मास्तरांच्या नावानिशी. हात भराभर चालत होता. साफसफाईच्या दिवसापाशी आल्या आणि पेन थांबलं. बाहेर लेथची घरघर चालू होती.

"थांबलीस का?" उस्तादांनी विचारलं.

भिंगबाई म्हणाल्या की मास्तरांचं लिहिणं सोपं होतं, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

"मीही स्वतःच सांगतोय."

"परवाना जाईल, उस्ताद."

"जाईल. त्याचा जीव गेला." ते शेगड्याशी टेकून उभे होते. "सकाळी तू म्हणालीस ना साहेबांना, निघेल तेच लिहीन म्हणून? तुला अर्धं काम करून उठायला मी कधी शिकवलंय?"

भिंगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते सरळ बाहीनं पुसलं आणि लिहिलं. सावकाश, एकही शब्द न खोडता.

"वाच," उस्ताद म्हणाले.

त्यांनी वाचून दाखवलं: दुरुस्तीच्या वेळी नरम स्प्रिंग आढळली होती. दुरुस्ती करणाऱ्यानं ती ओळखली, बदलली, परंतु नियमाप्रमाणे कळवली नाही. कळवली असती तर मृत्यू टळला असता.

उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली, हातांचं तेल फडक्याला पुसलं, आणि सही करायला पेन मागितलं.